वाचक तेवढेच, जाहिराती दुपटीहून जास्त, उत्पन्न कमी: एका साइटचा हिशेब

सायकलची दुरुस्ती स्वतः कशी करावी हे चित्रांसह शिकवणारी एक साइट आहे. मजकूर बहीण लिहिते, तांत्रिक बाजू धाकटा भाऊ सांभाळतो. महिन्याला एक लाख भेटी, दर भेटीत सरासरी दोन पाने, म्हणजे दोन लाख पेजव्ह्यू. उत्पन्नाचा मार्ग एकच, गूगल ॲडसेन्स ही साइटवर जाहिराती दाखवणारी सेवा. डिसेंबरात साइटला १,६०० डॉलर मिळाले. जानेवारीत वाचकसंख्या जराही न घटता १,०००. घाबरून फेब्रुवारीत दर पानावरच्या जाहिराती तीनवरून सातवर नेल्या, तर महिनाअखेरीस ८९६.

ही एकच खरी साइट नव्हे. माहितीपर साइटांना वारंवार येणाऱ्या अडचणी एकत्र करून हे प्रकरण रचले आहे आणि हिशेब पटकन समजावा म्हणून आकडे गोल धरले आहेत. यंत्रणेचे नियम, वाटणीचे टक्के आणि तारखा मात्र खऱ्या आहेत. प्रकरण मांडावेसे वाटले, कारण उत्पन्न घसरले की बहुतेक प्रकाशक, म्हणजे साइट चालवणारे, आधी जाहिराती वाढवतात आणि कारण नंतर शोधतात. चांगला मजकूर लिहिणाऱ्या कितीतरी साइटा या उलट्या क्रमामुळे वाचायला नकोशा झाल्या आहेत.

पैसा येतो कुठून

ॲडसेन्स २००३ साली सुरू झाले. प्रकाशक आपल्या पानावर कोडचा तुकडा टाकतो आणि वाचकाने पान उघडले की त्या जागेचा जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो. पान उतरत असतानाच हा लिलाव उरकतो. गूगल ॲड्समधून खरेदी करणाऱ्या जाहिरातदाराने १०० डॉलर मोजले, तर सरासरी १५ डॉलर खरेदीच्या बाजूची यंत्रणा ठेवते. उरलेल्या ८५ पैकी ८० टक्के, म्हणजे ६८ डॉलर, प्रकाशकाच्या वाट्याला येतात. गूगलने ही फोड नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली, पण प्रकाशकाचा ६८ टक्के वाटा २०१० पासूनच जाहीर होता. बदलली ती पैसे मोजण्याची रीत. पूर्वी ॲडसेन्समध्ये मुख्यतः क्लिकमागे पैसे मिळत, २०२४ च्या सुरुवातीपासून ते जाहिरात दिसण्यामागे मिळतात. याचा अर्थ क्लिक निरुपयोगी झाला असा नाही. जाहिरातदार आजही क्लिक आणि त्यानंतरची खरेदी पाहूनच बोली लावतो, फक्त तो हिशेब आता बोलीतच धरलेला असतो.

या भावंडांच्या डॅशबोर्डवर तीन आकडे ठळक दिसत: एकूण उत्पन्न, दर हजार जाहिरातींमागचा दर आणि दर हजार पानांमागचे उत्पन्न, म्हणजे पेज आरपीएम. डिसेंबरात दोन लाख पानांवर प्रत्येकी तीन, अशा सहा लाख जाहिराती दाखवल्या गेल्या. हजार जाहिरातींमागे साधारण २.६७ डॉलर आणि हजार पानांमागे ८ डॉलर. हजार भेटींमागे १६ डॉलर हा चौथा आकडा डॅशबोर्डवर नव्हता. तो काढायला ॲनालिटिक्स या वाचक मोजणाऱ्या साधनातली भेटींची संख्या घेऊन स्वतः भागाकार करावा लागतो. त्यांनी तो केला नव्हता आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

जानेवारी: दोन कारणे, एकच आकडा

सुट्ट्या आणि खरेदीच्या हंगामामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत जाहिरातदार सढळ हाताने खर्च करतात. वर्षाचे बजेट डिसेंबरात संपवायचे असते, नवे जानेवारीत जरा बिचकत उघडते. त्यामुळे जानेवारीत दर पडतात आणि ते बहुतेक सगळ्यांचेच पडतात. एवढे भावाला माहीत होते. पण १,६०० वरून १,०००, म्हणजे साडेसदतीस टक्क्यांची घसरण, त्याला नुसत्या हंगामाची वाटेना. शंका रास्त होती. उत्तर मात्र त्याने भलतीकडेच शोधले.

उत्पन्नाची घसरण पाहायची तर एकूण आकडा आधी फोडावा. देशानुसार, मोबाइल-संगणकानुसार, पानानुसार, जाहिरातीच्या जागेनुसार. ॲडसेन्सच्या अहवालात हे सगळे काही क्लिकांवर मिळते. या साइटचे पाव वाचक युरोपातले. त्यांच्या ५० हजार पानांवर डिसेंबरात हजारामागे १२ डॉलरने ६०० डॉलर आले होते. उरलेल्या दीड लाख पानांवर १,०००. जानेवारीत युरोपाचे ६०० चे २०० झाले आणि बाकीच्यांचे १,००० चे ८००. बाकी जगात २० टक्के घट, युरोपात ६७ टक्के. हंगाम असा एकाच खंडावर डूख धरत नाही.

कारण होते संमतीची पट्टी, म्हणजे वाचकाची माहिती जाहिरातींसाठी वापरू का असे विचारणारी चौकट. युरोपात मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. १६ जानेवारी २०२४ पासून तर युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि ब्रिटनमधल्या वाचकांना जाहिराती दाखवणाऱ्या प्रकाशकाने गूगलने प्रमाणित केलेली संमती-व्यवस्था वापरलीच पाहिजे असा नियम आहे. वाचकाने 'हो' म्हटले की तो होकार ठरलेल्या सांकेतिक रूपात जाहिरात यंत्रणेपर्यंत पोहोचतो. तो पोहोचला नाही तर वाचकाची ओळख न वापरता दाखवता येणाऱ्या मर्यादित जाहिराती येतात आणि त्यांचे दर फारच कमी असतात. भावाने डिसेंबरच्या शेवटी साइटची थीम, म्हणजे मांडणीचा साचा, बदलली होती. नव्या थीममध्ये पट्टी दिसत होती, वाचक 'स्वीकारा' दाबत होते, पण संमतीचा कोड जाहिरातीच्या कोडनंतर चालू होत होता. होकार पोहोचेपर्यंत लिलाव उरकलेला असे.

ही चूक पकडणे खरोखर अवघड असते. पडद्यावर सगळे ठीक दिसते, चूक दाखवणारा संदेश पानावर येत नाही. साइट स्वतः पाहून ती कळणार नाही, कारण पाहणारा बहुधा पट्टी न दिसणाऱ्या प्रदेशात बसलेला असतो. देशवार अहवालातून तिचा माग काढता येतो.

आता ६०० डॉलरच्या तोट्याची वाटणी करता येते. युरोपही इतरांसारखा २० टक्केच पडला असता, तर तिथून ४८० डॉलर आले असते. म्हणजे हंगामाने एकूण ३२० डॉलर नेले आणि पट्टीने २८०. हंगामावर इलाज नव्हता, पट्टीवर अर्ध्या तासात होता. हा हिशेब फेब्रुवारीअखेर मांडला गेला, तोवर दुसराच उपाय सुरू झाला होता.

फेब्रुवारी: सात जाहिराती

"ताई, तीनच जाहिराती आहेत आपल्या. लोक दहा-दहा टाकतात," भाऊ म्हणाला.

"टाकू दे त्यांना. पाच-सहा पायऱ्यांचा लेख, त्यात सात जाहिराती कुठे बसवणार?"

"गूगलची मर्यादा नाही आता."

त्याचे म्हणणे खरे होते. पानामागे तीन जाहिरातींची जुनी मर्यादा ॲडसेन्सने २०१६ मध्ये उठवली. मजकुरापेक्षा जाहिराती जास्त नसाव्यात एवढी अट आहे. शिवाय कोअलिशन फॉर बेटर ॲड्स या संघटनेच्या निकषांनुसार मोबाइलवर मुख्य मजकुराच्या उंचीत जाहिरातींनी ३० टक्क्यांहून जास्त जागा घेऊ नये, आणि हे निकष वारंवार मोडणाऱ्या साइटांच्या जाहिराती क्रोम ब्राउझर फेब्रुवारी २०१८ पासून अडवतो. सात जाहिराती या सीमेच्या आत बसत होत्या. नियमात बसले म्हणून फायद्यात पडेलच असे नाही.

पहिले काही दिवस रोजचे उत्पन्न वाढले. मग ते सावकाश खाली आले. महिनाअखेरचा हिशेब असा: भेटी तेवढ्याच, एक लाख. पण दर भेटीतली पाने दोनवरून १.६ वर आली. एक लाख साठ हजार पाने, प्रत्येकी सात, अशा अकरा लाख वीस हजार जाहिराती. हजार जाहिरातींमागे ८० सेंट. उत्पन्न ८९६ डॉलर.

यात फसवणारा आकडा पेज आरपीएम. जानेवारीत तो ५ डॉलर होता, फेब्रुवारीत ५.६० झाला. डॅशबोर्डवर हिरवा बाण वर. भाऊ तोच बाण ताईला दाखवत राहिला. हजार भेटींमागचे उत्पन्न मात्र १० डॉलरवरून ८.९६ वर उतरले होते. पानामागची कमाई वाढली, कारण प्रत्येक पानावर जास्त जाहिराती कोंबल्या होत्या. वाचक पुढचे पान उघडायचे टाळू लागला, ही घट या आकड्यात दिसूच शकत नाही. न उघडलेले पान भागाकारातच येत नाही. प्रकाशकाकडे वाचक येतो तो भेटीच्या रूपाने, पानांच्या नव्हे. म्हणून मापही भेटीचेच हवे, असे मी ठामपणे म्हणतो.

दर जाहिरातीमागचे मोल इतके का उतरले? वाचक न वाढवता जागा वाढवली, की तोच जाहिरातदार त्याच वाचकासाठी त्याच पानावर अनेक ठिकाणी बोली लावू शकतो. त्याला एक जागा पुरेशी असते, ती त्याला आता स्वस्तात मिळते. दुसरे कारण व्ह्यूएबिलिटी, म्हणजे दाखवलेल्यांपैकी किती टक्के जाहिराती खरोखर दिसल्या. जाहिरात खरोखर दिसली असे कधी म्हणायचे, याचे मीडिया रेटिंग कौन्सिल या मापनाचे निकष ठरवणाऱ्या संस्थेचे माप सर्वमान्य आहे: जाहिरातीचा किमान निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर हवा, व्हिडिओसाठी दोन सेकंद. मोठा खर्च करणारे अनेक खरेदीदार ज्या जागेचा हा टक्का कमी, तिथे बोलीच लावत नाहीत. नव्या चारपैकी तीन जाहिराती लेखाच्या तळाशी होत्या. चेन बसली की वाचक निघून जातो, तळापर्यंत कोण येणार?

चौथ्या नव्या जाहिरातीने जास्त नुकसान केले. चेन काढण्याच्या लेखात तिसऱ्या पायरीनंतर 'पुढची पायरी' हे बटण होते आणि जाहिरात त्याच्या बरोबर वर बसवली होती. वाचणारी व्यक्ती कशी असते पाहा. सायकल उलटी ठेवलेली, फोन बाजूला जमिनीवर, बोटांना वंगण. ती करंगळीने बटण दाबायला जाते, तेवढ्यात जाहिरात उशिरा उतरते, मजकूर खाली सरकतो आणि बोट जाहिरातीवर पडते. तेलकट हाताने मागे यायचे, पायरी पुन्हा शोधायची. वाचकाने हे दोनदा सोसले की तिसऱ्यांदा तो दुसऱ्या साइटवर जातो, आणि त्याला दोष देता येणार नाही.

मजकूर असा सरकण्याला सीएलएस हे माप आहे. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे पान वापरण्याच्या अनुभवाच्या मापांत, तो ०.१ किंवा त्याहून कमी असला तर चांगला धरतात. या पानाचा त्याच्या कितीतरी वर होता. कारण साधे, जाहिरातीसाठी आधीपासून उंची राखून ठेवली नव्हती.

चुकून पडलेल्या क्लिकांचे पैसेही टिकत नाहीत. डॅशबोर्डवर दिसते ते अंदाजे उत्पन्न. महिना संपल्यावर अवैध क्लिक आणि अवैध ट्रॅफिक वगळून पक्का आकडा ठरतो आणि शिल्लक उंबरठ्यापलीकडे, डॉलरच्या खात्यात १०० डॉलरपलीकडे, असली तर पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पैसे पाठवले जातात. या साइटच्या ८९६ मधून ७० डॉलर वजा झाले. अशी वजावट आली की प्रकाशकाला आपल्यावर अन्याय झाल्यासारखे वाटते. पण ज्याने पुढची पायरी शोधताना चुकून जाहिरात दाबली, त्याच्यासाठी जाहिरातदाराने पैसे का मोजावेत?

मार्च: एकाच वेळी दोन मांडण्या

संमतीचा कोड मार्चच्या पहिल्याच दिवशी जाहिरातीच्या कोडआधी आणला. जाहिरातींबाबत मात्र ताईने हट्ट धरला की नुसते मागे जायचे नाही, मोजून ठरवायचे. मार्च हा तिमाहीचा शेवट, दर तसेही थोडे चढतात. फेब्रुवारीची मार्चशी तुलना केली असती तर हंगाम, दुरुस्त झालेली पट्टी आणि नवी मांडणी या तिन्हींचा परिणाम एकमेकांत मिसळला असता.

म्हणून वाचक दोन गटांत वाटले. साइटच्या स्वतःच्या कुकीत, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरमध्ये राहणाऱ्या छोट्या नोंदीत, गट नोंदवला, म्हणजे एकाच वाचकाला आज एक, उद्या दुसरी मांडणी दिसायला नको. एका गटाला जुन्या सात जाहिराती. दुसऱ्याला चार: एक प्रस्तावनेनंतर, लांब पायऱ्यांच्या मध्ये दोन, बटणांपासून दूर, आणि एक लेखाच्या शेवटी. चारही जागांची उंची आधीच राखलेली. खालच्या जाहिराती वाचक जवळ आल्याशिवाय मागवायच्याच नाहीत असे ठरवले, त्यामुळे न दिसणाऱ्या जाहिरातींनी टक्का खाली ओढणे थांबले.

सातच्या गटात पन्नास हजार भेटी, ऐंशी हजार पाने, पाच लाख साठ हजार जाहिराती, हजारामागे १ डॉलर, एकूण ५६० डॉलर. चारच्या गटात पन्नास हजार भेटी, एक लाख पाने, चार लाख जाहिराती, हजारामागे १.७५ डॉलर, एकूण ७०० डॉलर.

हजार पानांमागचे उत्पन्न दोन्हीकडे ७ डॉलर. डॅशबोर्डवर पाहणारा म्हणाला असता, काही फरक नाही. हजार भेटींमागे मात्र ११.२० विरुद्ध १४. तब्बल पंचवीस टक्क्यांचा फरक, तोही कमी जाहिराती दाखवून. भावाने त्याच संध्याकाळी सगळ्या वाचकांसाठी चारची मांडणी चालू केली.

दोनच आठवड्यांत निकाल लावायचा मोह अशा चाचणीत होतो. शनिवार-रविवारचे वाचक वेगळे, महिन्याच्या शेवटचे बजेट वेगळे. पूर्ण महिना थांबणे या साइटला परवडले, आणि ज्याला परवडेल त्याने थांबावेच.

व्यवस्थापन कंपनीचा देकार

एप्रिलमध्ये जाहिरात व्यवस्थापन करणाऱ्या एका कंपनीचा मेल आला: ॲडसेन्सऐवजी आम्हाला जागा द्या, उत्पन्न वाढवून देतो, आमचा वाटा २५ टक्के. असे देकार ठरावीक वाचकसंख्या गाठलेल्या साइटांना येतातच आणि सरसकट फेटाळण्यासारखे नसतात. त्यामागचे तंत्र खरे आहे. ॲडसेन्समध्ये विकण्याचे दार एकच असते. हेडर बिडिंगमध्ये पान उतरताना अनेक एक्सचेंजांकडे, म्हणजे जाहिरातींच्या जागांच्या बाजारांकडे, एकदमच बोली मागितली जाते आणि सर्वात मोठी बोली जिंकते. त्याआधी वॉटरफॉल पद्धत होती: पहिल्याला विचारा, नको म्हटला तर दुसऱ्याला. जास्त मोजायला तयार असलेला तिसरा रांगेतच राही. प्रीबिड हे हेडर बिडिंगचे मुक्त सॉफ्टवेअर २०१५ पासून उपलब्ध आहे, पण पंधरा-वीस एक्सचेंजांशी करार करणे दोघांच्या साइटला जमत नाही. कंपनी तेच विकते.

भावंडांनी एक चतुर्थांश वाचकांवर चाचणी मागितली. कंपनी तयार झाली, ही तिच्या बाजूची चांगली गोष्ट. सुरुवातीचे आठ दिवस आकडे अगदीच फिके. कारण होते ॲड्स डॉट टीएक्सटी ही फाइल. आपली जागा विकायला कोण अधिकृत आहे, त्याची यादी प्रकाशक साइटच्या मुळाशी ठेवतो. बनावट विक्रेते अडवायला ऑनलाइन जाहिरातींचे तांत्रिक निकष ठरवणाऱ्या आयएबी टेक लॅबने २०१७ मध्ये ही पद्धत आणली. यादीत नाव नसलेल्या विक्रेत्याकडून बरेच खरेदीदार काहीच घेत नाहीत. कंपनीने पाठवलेल्या ओळी कॉपी करताना काही खाते क्रमांक अर्धवट राहिले होते. दुरुस्त झाल्यावर हजार भेटींमागचे उत्पन्न १९ डॉलरवर गेले.

१९ पाहून भाऊ खूश झाला. कंपनीचा पाव वाटा वजा करा: १४.२५. ॲडसेन्सचे १४ डॉलर वाटणीनंतरचे, हातात पडणारे. फरक हजार भेटींमागे २५ सेंट, महिन्याच्या एक लाख भेटींवर २५ डॉलर. देकारांची तुलना नेहमी हातात पडणाऱ्या रकमेवर करावी, मेलमधली टक्केवारी बहुधा वजावटीआधीची असते. शिवाय जास्तीच्या कोडमुळे मोबाइलवर पाने जड झाली होती, त्याचा गूगल शोधावर काय परिणाम होईल हे कळायला एवढा काळ पुरेसा नव्हता.

ताईने करार ओळीओळीने वाचला. एका कलमानुसार वर्षभर दुसरीकडे जाता येणार नव्हते. दुसऱ्यानुसार खरेदीदाराने पैसे बुडवले तर तो तोटा प्रकाशकाच्या हिशेबातून कापला जाणार होता. ही भीती काल्पनिक नाही. जाहिरातदारांसाठी खरेदी करणारी मीडियामॅथ ही कंपनी जूनच्या अखेरीस, २०२३ मध्ये, दिवाळखोरीत गेली तेव्हा एक्सचेंजांचे कोट्यवधी डॉलर अडकले. कुणाच्या करारात काय लिहिले आहे, यावरच ते कुणाचे बुडणार हे ठरणार होते.

महिना २५ डॉलरसाठी वर्षाची बांधिलकी आणि बुडीत रकमेची जबाबदारी त्यांनी नाकारली. मुदत ३० दिवसांच्या नोटिशीवर आणली आणि बुडिताचे कलम काढले तर ऑक्टोबरात, दर चढायच्या आधी, पुन्हा चाचणी करू, असे उत्तर पाठवले. कंपनीने मुदत मान्य केली आहे, बुडिताच्या कलमावर बोलणे चालू आहे. तोपर्यंत साइटवर चार जाहिराती आहेत, आणि भावाने डॅशबोर्डशेजारी एक तक्ता उघडून ठेवला आहे. त्यात भेटी आणि उत्पन्न, युरोप आणि बाकी जग, असे दर सोमवारी भरले जाते.